अकरा दिवस अलीकडे

इंग्रजी कॅलेंडरशी उभं वैर धरलेला माणूस अख्ख्या हडपसरमध्ये एकच, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहतो. आमचे वरच्या मजल्यावरचे चाचा. चंद्र दिसल्याशिवाय यांचा महिना बदलत नाही. सरकारदरबारी ते सत्तर वर्षांचे, स्वतःच्या हिशेबाने बहात्तर. चंद्राचं वर्ष अकरा दिवसांनी लहान, तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त करून आपल्याला पावणेदोन वर्षं जास्त राबवलं, असा रीतसर अर्ज त्यांनी कचेरीत दिला होता. उत्तर आलं नाही. "चूक कळली असणार," चाचा म्हणतात. आमच्या अधिक महिन्याचंही त्यांना कौतुक नाही. "दर तीन वर्षांनी ठिगळ लावता आपण. आमचं वर्ष जसं आहे तसं आहे."

शिवाय त्यांचा दिवस मावळतीला सुरू होतो. एकदा त्यांनी 'शुक्रवारच्या रात्री' जेवायला बोलावलं. आम्ही दुपारी बेताचंच खाऊन शुक्रवारी आठला सहकुटुंब हजर. चाचांनी शांतपणे दार उघडलं. "अहो, शुक्रवारची रात्र काल झाली. आम्ही दहापर्यंत वाट पाहिली. आता शनिवार लागला. चहा घेणार?" घेतला. काय करणार.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते चाची जाईपर्यंत. त्या गेल्या रजब महिन्याच्या चौदा तारखेला. वर्ष फिरलं. बरसी कधी, हे चाचांनी आणि खराडीला आयटीत असलेल्या त्यांच्या लेकीने एकमेकांना विचारलंच नाही. दोघांनाही तारीख पाठ होती. रजबच्या चौदाला चाचा दिवसभर तिची वाट पाहत बसले, आणि आईला विसरली म्हणून रागाने फोनही केला नाही. अकरा दिवसांनी ती रजा काढून, फुलं घेऊन आली.

"अब्बा, घरात कुणीच कसं नाही? आज अम्मीची बरसी ना?"

"झाली ती. तू आली नाहीस."

"मला सांगितलं का नाहीत?"

"आईचा दिवस सांगावा लागतो?"

पोरगी आल्या पावली खाली उतरली आणि आमच्या सोफ्यावर बसून रडली. मला त्या माणसाचा भयंकर राग आला. पण आमच्याकडेही श्राद्ध तिथीनेच होतं. कुठल्या तोंडाने बोलणार? वर्षभर बापलेकीत बोलणं नव्हतं. चाचा जिन्यात भेटले की तिचा विषय टाळून बिल्डिंगच्या पाण्याबद्दल बोलायचे.

पुढच्या रजबच्या चौदाला त्यांनी एकट्याने चाचींच्या नावाने फातिहा दिली. मग तीन आठवड्यांनी आमचं मोठं पातेलं मागायला खाली आले.

"आज काय विशेष?" मी विचारलं.

"आमच्यात आज काही नाही. लेक येते आहे. तिच्या कॅलेंडरात आज तिची आई गेली." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मीच फोन केला. म्हटलं, तारीख तुझी, स्वयंपाक माझा."

आता दरवर्षी दोन बरस्या होतात. रजबचा चंद्र दिसला की चाचा आधी खराडीला फोन लावतात, आणि लेक दोन्ही दिवसांना रजा टाकते. मधलं अंतर मात्र वर्षाला अकरा दिवसांनी वाढतंच आहे.

"चाचा, हे वाढून वाढून जाणार कुठे?" मी परवा विचारलं.

त्यांनी बोटांवर मोजलं. "ती गेल्याला तेहतीसएक वर्षं झाली की दोन्ही दिवस पुन्हा एकत्र येतील." मग म्हणाले, "तेव्हा मी कुठला असायला. पण तिला एकच रजा पुरेल."