आपला स्विच

मी शेजाऱ्यांचा मेन स्विच बंद केला आणि वर स्वतःचीच पाठ थोपटली.

त्या दिवशी सकाळपासून घरात काहीतरी वाजत होतं. टीं. जरा थांबून पुन्हा टीं. फ्रिज उघडून पाहिला, मोबाईल कानाला लावला, इन्व्हर्टरपुढे तर गुडघे टेकून बसलो. आवाज मात्र नेहमी मी नसेन त्या खोलीतून यायचा. पण घाबरतोय कोण? तीस वर्षं विमानं चालवलेला माणूस मी. काहीतरी वाजणं हा तर माझा धंदाच.

विमानात काही वाजलं की पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. मला शिकवणारे कॅप्टन म्हणायचे, "हातांवर बस. विमान उडतंय ना? मग उडू दे." आधी आवाज बंद करायचा. मग एकानं विमान सांभाळायचं, दुसऱ्यानं यादी मोठ्यानं वाचायची. आणि इंजिन बंद करण्यासारखी गोष्ट असेल, तर नुसता हात ठेवून विचारायचं, "हाच ना?" शेजारच्यानं डोळ्यांनी बघून "हाच" म्हटल्याशिवाय बोटसुद्धा हलवायचं नाही. मी नवा असताना एकदा डाव्या बाजूचा दिवा लागला आणि मी मोठ्या तडफेनं उजव्या बटणावर हात ठेवला. कॅप्टननी एका हातातला चहाचा कप न हलवता दुसऱ्या हातानं माझ्या मनगटावर चापट मारली. "हा नाही." एवढंच. मागे बसलेल्यांना काही कळलं नाही. पुढे ही गोष्ट मी लोकांना इतक्या वेळा सांगितली, की तिच्यातला चुकणारा माणूस हळूहळू दुसराच कुणीतरी झाला.

आता शेजारची खुर्ची रिकामी. बायको गेल्यापासून मीच विचारतो आणि मीच उत्तर देतो. दूध उतू जाईल का? जाईल. गेलं.

तर घरातली वीजच बंद करून बघू, असं ठरवून मी जिन्याखाली गेलो. मंगळवार पेठेतल्या आमच्या इमारतीत चार बिऱ्हाडं. त्यांचे चार मेन स्विच तिथे एका फळीवर. आमच्या स्विचवर बायकोनं चिकटपट्टी लावून निळ्या पेनानं 'आपला' लिहिलं होतं, हे पक्कं आठवत होतं. चष्मा वर राहिलेला. पण खडूनं ठसठशीत लिहिलेला एक 'आपला' मला बिनचष्म्याचाही दिसला. त्यावर हात ठेवला. सवयीनं विचारलं, "हाच ना?"

जिना गप्प.

मग मीच म्हणालो, "हाच." आणि खाली ओढला.

टीं बंद! पहिल्या मजल्यावरचं टीं जिन्याखाली मुळात ऐकूच येत नाही, हे सुचेपर्यंत माझी पाठ थोपटून झाली होती. तेवढ्यात वरून एक न थांबणारा चिरका आवाज सुरू झाला आणि त्याच्यामागून दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सूनबाईंचा, त्याहून चिरका.

"लाईट कुणी घालवली ओ? मामांचं मशीन बंद पडलंय की!"

मामा म्हणजे तिचे सासरे. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. फुप्फुसं थकलेली, दिवसरात्र नाकात नळी आणि नळी खाटेशेजारच्या ऑक्सिजन मशीनला. वीज गेली की ते बोंबलतं. हे मला माहीत होतं. ते मशीन वर चढवताना मीही हात लावला होता, म्हणजे कठड्याला.

स्विच वर ढकलला आणि अनवाणीच जिना चढलो. तोवर तिनं ओरडता ओरडताच नळी काढून कोपऱ्यातल्या सिलिंडरला जोडली होती. म्हातारबांचे ओठ जांभळट दिसत होते, छाती भात्यासारखी हलत होती. मी दारात उभा. खोटं बोलायला भरपूर जागा होती. लाईट काय, जातेच. ओठांवर जरा रंग आला तेव्हा म्हणालो, "मी बंद केला. माझा समजून."

"काका, त्यावर 'आपला' लिवलेलं दिसलं न्हाय व्हय?"

"दिसलं, म्हणून तर."

सूनबाई मला खाली घेऊन आली. बघते तर दोन 'आपला'. तिचा खडूचा, आमचा चिकटपट्टीवरचा, पार फिका पडलेला. तिनं स्वतःचा 'आपला' पदरानं पुसून तिथं 'मामा' लिहिलं. मग आमच्या पट्टीला नख लावलं.

"ती राहू दे," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पट्टीच्या खाली 'काका' लिहिलं.

वर आली आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरली. "ह्यो वाजतोय की. पाण्याचा फिल्टर. बदलायला झालाय. काकू माणूस बोलवत हुत्या."

मला माहीतच नव्हतं. तीस वर्षांत या घरात काय काय वाजलं असेल. एकदा बायकोचा फोन आला होता. मी कुठल्याशा हॉटेलात. गीझर विचित्र आवाज करतोय, मुख्य बटण बंद करू का, कुठलं ते? मी म्हणालो, आल्यावर बघू. आलो चार दिवसांनी. तेव्हा गीझर गप्प होता. मीही विचारलं नाही. बटणावर हात ठेवून तिनं कुणाला विचारलं असेल, "हाच ना?"

संध्याकाळी मी वर गेलो. उचगावच्या बाजूला विमानतळावर उतरणारं विमान त्यांच्या खिडकीतून दिसलं. आम्ही तिघांनीही ते पाहिलं. मग मी मनातलं बोललो. यापुढे कुठल्याही स्विचला हात लावायच्या आधी जिन्यातून हाक मारीन, "हाच ना?" वरून कुणीतरी खाली येऊन बघायचं आणि "हाच" म्हणायचं. एवढं कराल का?

"आनि मी न्हाय म्हटलं तर?" सूनबाई.

"तर हात काढून घेईन."

"बरं. मारा हाक."

म्हातारबांनी नळी सरळ केली. त्यांना एका वाक्याला दोन श्वास लागतात.

"इतकी वर्सं... ह्यो इमान चालवत हुता?" ते सुनेला म्हणाले. श्वास घेतला. "बरं झालं, आमी जलमभर एस्टीनंच हिंडलो."