ओल्या भिंतीवरचा खडू

दुपारचं औषध अंगावर येतं. वृषालीचा डावा पाय तिच्याआधी झोपतो; तो सात महिने झोपलेलाच आहे. मग उरलेली ती.

पंख्याचा आवाज पातळ होतो. वाफ. न्हाणीत आई पाणी विसणते आहे. वृषालीच्या आजाराचा रिपोर्ट यायच्या तीन महिने आधी वारलेली आई. पदराला खडूची भुकटी, नुकती शाळेतून आल्यासारखी.

"बस पाटावर. कढत पाणी घेतलंस की पाय मोकळा होईल."

"नाही बसणार."

"झालं. नाटकं सुरू."

हेच वाक्य. ह्याच्याशी भांडायला तर वृषाली आली आहे.

"रोज कढत पाणी ओतायचीस, रोज मी इथेच कोसळायचे. डोळ्यांपुढे धूसर. आणि तू शेजारी सांगत फिरायचीस, ढोंग करते, कामाचा कंटाळा आहे हिला."

"मला काय माहीत गं."

"तुला नाही तर कुणाला?"

भिंत काळी होते. फळा. नववीचा वर्ग, बाकांखाली पाणी, कुठेतरी नळ गळतोय. सव्वीस वर्षं आईने इथे चेतापेशी शिकवली.

"काढ आकृती," वृषाली काठी टेकत म्हणते.

आई काढते. हात बसलेला आहे: पेशी, लांब अक्षतंतू, त्यावर मायलिनचं आवरण.

"आता आवरण पूस. मधूनमधून. जंतूंशी लढायच्या माझ्याच पेशी ते खातात. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. मेंदू सांगतो पाय उचल, आणि निरोप

वाटेतच

विरतो. अंग तापलं की उरलासुरलाही पोचत नाही. समजलं, बाई?"

"डॉक्टरसुद्धा म्हणाले होते, व्हिटॅमिन कमी आहे."

"डॉक्टर मला ढोंगी म्हणाले नव्हते."

पांढरी नळी. एमआरआय. आत वृषाली आडवी. काचेपलीकडे आई, पेपर तपासायचा चष्मा लावून. पडद्यावर मेंदू, मेरुरज्जू, पांढरे डाग. आई डाग मोजते. पुन्हा मोजते.

"हे तेव्हाही होते?"

"बरेचसे."

ठकठक. ठकठक. नळीचा आवाज.

"चुकलं की तू पोरांना काय करायला लावायचीस?"

"दहा वेळा लिहायला."

"मग लिही."

न्हाणी. आई भिंतीवर लिहू लागते. भिंत ओली. खडू मोडतो.

"लिहितेय गं. उमटतच नाही."

"नाटकं नकोत," वृषाली म्हणते. त्याच चालीत.

आई खाली बसते. पदराने लेकीची डावी नडगी टिपते, वाकते. वृषालीला तिचा अंबाडा तेवढा दिसतो. पायाला काहीच कळत नाही.

"आई? लिहिलंस का?"

पंखा. साडेचार. तोंडात गोळीची चव.

ती दोन्ही हातांनी डावा पाय उचलून मांडीवर घेते. नडगीवर खडू. आईचं फळ्यावरचं तेच तिरकं अक्षर:

वृषाली खरं बोलत होती.

ती पोटरी वळवून बघते. दुसरा पाय बघते. चादर झटकते. एकदाच लिहिलंय.

"नऊ वेळा राहिल्या," ती रिकाम्या खोलीला सांगते, आणि अक्षरांना हात लागू न देता पाय जपून खाली ठेवते.