मन्हा, मना आणि मिरची

नंदुरबारच्या आमच्या फुटबॉल क्लबचा मी सहा वर्षं प्रशिक्षक होतो. त्यातली पाच वर्षं मिडफिल्डला खेळलोही. दोन्ही कामं एकाच माणसाकडे असण्याचं कारण साधं होतं. तेरा खेळाडू होते. मी बाहेर बसलो आणि दोन जण आले नाहीत, तर दहाच उरायचे.

सराव सकाळी व्हायचा, गावाबाहेर मिरचीच्या पथारीशेजारच्या रिकाम्या जागेवर. हिवाळ्यात शेजारी लाल मिरची वाळत पडलेली असायची आणि वारा आमच्या बाजूला वळला की सगळा संघ शिंकायचा. बाहेरचे संघ तिथं सामना खेळायला सहसा तयार होत नसत.

गोलकीपर जवळच्या कोरीटचा होता. शेती करायचा आणि मैदानावर फक्त अहिराणी बोलायचा. त्याच्यापुढे खेळणारा स्टॉपर गावातला वेल्डर. त्याच्या घरी हिंदी. डावा विंगर अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला, रोपवाटिकेत कामाला. घरची भाषा पावरी, पण तो मराठी बोलायचा ती पुस्तकातल्यासारखी. चेंडू कोण घेणार हे ओरडून सांगायचं, एवढा एकच नियम मी घातला होता. कोणत्या शब्दात, हे मी कधी ठरवलं नाही. ती चूक माझी.

खांडबाऱ्याला दर हिवाळ्यात स्पर्धा भरते. त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचलो. एक-एक अशी बरोबरी होती आणि पाचेक मिनिटं उरली होती. समोरच्यांचा लांब चेंडू आमच्या गोलपोस्टच्या डावीकडून बाहेर चालला होता. कीपर त्याच्याकडे निघाला. स्टॉपर ओरडला आणि कीपर जागीच थांबला. स्टॉपरनं हात पसरून प्रतिस्पर्ध्याला अडवलं. त्याची पाठ चेंडूकडे होती. मैदान म्हणजे कापणी झालेलं शेत. भुसभुशीत मातीत चेंडूचा वेग मेला आणि चुन्याच्या रेषेच्या वीतभर अलीकडे तो थांबला. त्यांचा फॉरवर्ड वळसा घालून आला आणि त्यानं तो सावकाश आत ढकलला.

मी तेव्हा एका वर्तमानपत्रासाठी वार्ताहराचं काम करायचो. संध्याकाळी पाच ओळींची बातमी पाठवली. ‘स्टॉपरच्या निष्काळजीपणामुळे नंदुरबारचा संघ पराभूत.’ स्वतः मैदानावर होतो, म्हणून कोणाला काही विचारलं नाही.

बातमी छापून आली त्या दिवसापासून स्टॉपर सरावाला आला नाही. कीपर आला, पण तोही नाराज होता. स्टॉपरनं खोटा आवाज दिला, असं त्याचं म्हणणं. त्या माणसामागे उभं राहायचं नाही, असं तो सगळ्यांना सांगत होता. पाठोपाठ कोरीटचे दोघे त्याच्या बाजूनं झाले, गावातले तिघे स्टॉपरच्या. पुढच्या आठवड्यात कीपर ग्लोव्हज परत द्यायला आला. ते त्यानं माझ्या हातात दिले असते, तर क्लब त्याच सकाळी संपला असता. मी विंगरला मोटारसायकलवर पाठवून स्टॉपरला दुकानातून बोलावून घेतलं. तो आला, पण गाडीवरून उतरला नाही.

कीपर माझ्याकडे बघून बोलला. “भाऊ, त्यानी सोताच सांगं, मन्हा. मंग मी कसाले जाऊ?”

“मैंने कब बोला मेरा?” स्टॉपर म्हणाला. “मैंने बोला, मना. मना मतलब हात मत लगा. बॉल बाहर जा रहा था.”

“मन्हा सांगं तू. आख्खा खांडबारानी ऐकं.”

“खांडबारा को क्या समझता है, दादा, तुमको भी नहीं समझा. पेपर में छाप दिया.”

विंगर बूट बांधत खाली बसला होता. तो म्हणाला, “सर, दोघंही खरं सांगतात. अहिराणीत मन्हा म्हणजे माझा. हिंदीत मना म्हणजे नको. मी एक शब्द इथं आल्यावर शिकलो, दुसरा सुरतेला कामाला होतो तेव्हा. मला ते वेगळे शिकावे लागले. यांना कशाला लागतील?”

मग हे दोघं एकत्र खेळले ती दोन वर्षं आमचं कसं निभावलं, हे तिथंच उलगडलं. कीपर ‘मन्हा’ ओरडायचा, स्टॉपर ‘मना’ ऐकून बाजूला व्हायचा. चेंडू बरोबर माणसाकडे जायचा, म्हणून कोणाला शंका आली नाही. कोणीच चेंडूला हात लावू नये, असं सांगायची वेळ त्या सामन्यात पहिल्यांदा आली. स्टॉपरला चेंडू बाहेर जाऊ द्यायचा होता आणि कीपरला वाटलं, तो स्टॉपरच घेणार.

स्टॉपर गाडीवरून उतरला.

मी सुचवलं, यापुढे सगळ्यांनी ‘माझा’ म्हणायचं.

“काय भाऊ,” कीपर म्हणाला, “मैदानवर अर्ज करना शे का?”

सगळे हसले. तेवढ्यात वारा वळला आणि स्टॉपरला लागोपाठ चार शिंका आल्या. डोळे पुसत तो म्हणाला, “यही रख दो. मिर्ची. सबको समझती है.”

तसंच ठरलं. चेंडू घेणाऱ्यानं ‘मिरची’ ओरडायचं. बाहेर जाऊ द्यायचा असेल तर ‘जाऊ दे’. कीपरनं ग्लोव्हज पुन्हा हातात चढवले.

संपादकांना विनंती करून मी दोन ओळींची दुरुस्ती छापून आणली. चूक स्टॉपरची नव्हती, संघात शब्द ठरलेला नव्हता, एवढंच त्यात होतं. स्टॉपरनं ती वाचून कागद मला परत दिला. “दादा, गलती पाँच लाइन की, सुधार दो लाइन का?” दुसऱ्या दिवशी तो सरावाला सगळ्यांच्या आधी आला होता.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत आम्ही सतरा झालो. चौघे विंगरच्या ओळखीनं डोंगरातून आले होते. मी स्वतःचं नाव यादीतून काढलं आणि खांडबाऱ्याला रेषेबाहेर उभा राहिलो. पुन्हा उपांत्य फेरी होती. आम्ही एका गोलनं पुढे होतो. शेवटी शेवटी एक उंच चेंडू गोलसमोर आला आणि त्याच्याखाली स्टॉपर व कीपर दोघेही धावले.

“मिरची!” कीपर ओरडला. स्टॉपर मागे न बघता बाजूला झाला. चेंडू कीपरच्या छातीशी होता.

कडेला बाजाराला आलेली माणसं उभी होती. त्यांतला एक ओरडला, “काय भाव लावला रे?”

“आज बेचना नहीं है,” स्टॉपरनं सांगितलं.

अंतिम सामना आम्ही दोन गोलांनी हरलो. परतताना कीपर स्टॉपरच्या मोटारसायकलवर मागे बसला होता, आणि दुसऱ्या गोलच्या वेळी ‘मिरची’ उशिरा कोण ओरडलं, यावर दोघं नंदुरबारपर्यंत भांडत होते. या वेळी बातमी लिहिण्याआधी मी दोघांनाही विचारलं.