उभ्यानं चिरायची सुरी

माझी मोठी जाऊ दीपमालाताई बावीस वर्षं लग्नाच्या स्वयंपाकात विळीवर बसली. देवळाली कॅम्पपासून सटाण्यापर्यंत कुठलाही मांडव असो, पाचशे पानांचा कांदा तिच्याच हातचा. दोन वर्षांपूर्वी तिला चिकनगुनिया झाला आणि गुडघे वाकेनासे झाले. एकदा खाली बसली की दोघींनी धरून उठवावं लागे. आचाऱ्याने दोन लग्नांत सांभाळून घेतलं, तिसऱ्याला बोलावलंच नाही. विळीवर उभ्यानं चिरता येत नाही, एवढी साधी गोष्ट तिच्या पोटावर आली.

म्हणून गंगापूर रोडच्या एका हॉटेलात भाजी चिरायला बाई हवी असल्याचं कळलं, तेव्हा मीच फोन केला. सगळं काम ओट्याशी उभं राहून. चाचणी बुधवारी दुपारी बाराला, सुरी आपली आपण आणायची. आता बाईने आदल्या दिवशी सुरी घ्यावी की नाही? नाही! म्हणे, "घरातली हाय की." घरातली म्हणजे कशी, तर टोमॅटोने मनावर घेतलं तरच कापला जाईल अशी. सकाळी ती पाहून मी कपाळाला हात लावला. ताईला स्कूटीवर मागे बसवलं आणि भद्रकालीत महेबूबचाचांच्या दुकानाशी उतरवलं, तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

चाचा सुऱ्या विकतात आणि धारही लावून देतात. ताईने आत शिरताच सगळ्यात मोठी, जाड पात्याची सुरी उचलली.

"हीच द्या. चांगली जड हाय. दाबायचं काम नाय."

चाचांनी लाकडी फळी पुढे सरकवली आणि तिच्यावर पाच कांदे ठेवले. "ताई, पहिले हे कापा. मग बघू."

"मी सुरी घ्यायला आलेय चाचा. बाराला पोचायचंय."

"कापल्याशिवाय मी देत नाही."

माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाईक पैसे काढून उभं आहे आणि हा माणूस परीक्षा घेतोय! "द्यायची तर द्या, नाहीतर शेजारच्या दुकानात जातो," मी म्हटलं. चाचांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

ताईने कांदा घेतला आणि मी गारच पडले. तिने सुरी जागच्या जागी घट्ट धरली आणि डाव्या हाताने कांदा पात्यावर ढकलला. विळी कधी हलत नसते, हलतो तो कांदा. बावीस वर्षांचा हात, तो दुसरं काय करणार? तिचं बोट धारेपासून केसभर लांब राहिलं.

"थांबा!" चाचा ओरडले. "ही विळी नाही ताई. कांदा जागेवर राहू द्या, सुरी चालवा."

दुसरा कांदा बरा झाला, तिसराही. चौथ्याला तिचं मनगट थरथरायला लागलं. तापाने गुडघे धरले होते ते मला ठाऊक होतं, मनगटही धरलंय हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मनगट दुखतं?" चाचांनी विचारलं.

"नाय."

"ताई, दुखतं ना?"

तिने पाचव्या कांद्याला हात घातला. मला तिचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. एका घरात राहून मला हे दिसू नये?

चाचांनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. पातळ पात्याची, मध्यम लांबीची दुसरी काढली आणि पातं जिथे मुठीला मिळतं तिथे एका बोटावर आडवी ठेवली. ती पुढेही कलली नाही आणि मागेही नाही. मग ताईला अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पातंच धरायला लावलं. "मूठ आवळू नका. पहिल्या कांद्याला सगळ्याच सुऱ्या गोड वाटतात. दहाव्याला काय वाटतं ते मला सांगा."

आणि खरोखर दहा कांदे कापायला लावले! सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. माझा जीव टांगणीला लागला होता. दहावा कांदा संपला तेव्हा ताई एवढंच म्हणाली, "ही चालंल."

अशोकस्तंभाचा सिग्नल आम्हाला आयुष्यभर पुरेल एवढा वेळ लाल होता. हॉटेलात पोचलो तेव्हा बाराला चार मिनिटं कमी होती.

शेफ रोहित म्हणजे आमच्या पोराच्या वयाचा. त्याने ओट्यावर पाच किलो कांदा ओतला आणि घड्याळ लावलं. मी दारात उभी होते. पहिल्याच कांद्याला ताईचा डावा हात पात्याकडे निघाला. तिने हात मध्येच थांबवला, मागे घेतला आणि सुरी चालवली. मग मात्र ढीग वाढत गेला.

संपल्यावर शेफने चिमूटभर कांदा तळहातावर पसरून पाहिला. मग तिची सुरी उचलून तोलली. "हलकी आहे. आमच्याकडे दिवसाला साठ किलो कांदा लागतो. जड घ्या."

हो म्हण गं बाई, मी मनात म्हणत होते. आज हो म्हण, उद्याचं उद्या बघू.

"सर, माझं मनगट आजारानं गेलंय," ताई म्हणाली. "जड सुरीनं माझे चार कांदे होतील, पाचवा नाय व्हायचा. हिच्यानं तुम्ही सांगाल तेवढे करते."

मी डोळेच मिटून घेतले. संपलं सगळं. हातातोंडाशी आलेला घास या बाईने स्वतःच्या तोंडाने घालवला.

शेफने पुन्हा त्या ढिगाकडे बघितलं. "इथे दहा तास उभं राहावं लागतं," तो म्हणाला. "खाली टेकायला मिळत नाही. बायका चार दिवसांत सोडून जातात."

ताई सकाळपासून पहिल्यांदा हसली. "खाली बसता येत नाय सर, म्हणून तर तुमच्याकडं आलेय."

शेफने सुरी तिच्या उजव्या हाताशी ठेवली आणि कांद्याच्या भरल्या गोणीचं तोंड सोडलं.