तण्णगे मामांनी पाहिलेली जीप

जुनी गाडी पाहायला गेल्यावर माणसं आधी रंग बघतात, मग टायर, मग मीटरवरचे किलोमीटर. मामा यातलं काहीच आधी बघत नसत. ते सरळ पुढे जाऊन बॉनेटवर पालथा हात ठेवत, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. बॉनेट कोमट लागलं की हात काढून घेत आणि मालकाला सांगत, "तण्णगे झाल्यावर येतो." कानडीत तण्णगे म्हणजे थंड. एवढं बोलून ते खरोखरच निघून येत. आत्ताच दूध आणायला गाडी बाहेर काढली होती, असं मालक मागून कितीही सांगो. मामांचं म्हणणं एकच असे, गरम इंजिन कुणाचंही गोडच बोलतं. म्हैसूरला लागून असलेलं सगळं हिनकल त्यांना तण्णगे मामा म्हणत असे. त्यांचं आडनाव सुर्वे होतं, हे मला घरभाड्याच्या करारावर वाचून कळलं.

मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. सांगलीकडची, जनावरांची डॉक्टर, नोकरीसाठी म्हैसूरला आलेली. मराठी बोलणारे घरमालक मिळाले म्हणून आनंदाने सामान टाकलं, आणि पहिल्या आठवड्यात त्यांचं निम्मं बोलणं मला कळलं नाही. मामांचं वाक्य मराठीत सुरू होई आणि कानडीत थांबे. "डॉक्टरम्मा, पाणी सुम्मने सोडू नका, टाकी स्वल्पच भरते, गोत्ताय्ता?" असं ते म्हणाले की मी मान हलवून नळ बंद करी. सुम्मने म्हणजे उगाच आणि गोत्ताय्ता म्हणजे कळलं का, हे नंतर समजलं. माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत होतं की ते चांगलं आहे, पण छापल्यासारखं आहे.

त्यांचे पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते. कोणत्या महाराजांच्या, ते मामा सांगत नसत. म्हैसुरात महाराज म्हटल्यावर पुढे विचारायचं नसतं. थंड इंजिनाचा नियमही त्यांच्या मते तिथूनच आला होता. "घोडा पण सकाळीच बघायचा, अंग थंड असताना. फिरवून आणलेला घोडा लंगडत नाही." हे शास्त्राप्रमाणे बऱ्याच अंशी खरं आहे, असं मी म्हटलं. तेव्हा मामांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि गच्चीची किल्ली दिली. आधीच्या कोणत्याही भाडेकरूला ती मिळाली नव्हती.

एके काळी त्यांचं स्वतःचं गॅरेज होतं. ते बंद झाल्यावर ते फक्त लोकांच्या वतीने जुन्या गाड्या बघून देत. मोबदला म्हणून एक कॉफी, तीही मत दिल्यानंतर. आधी कॉफी घेतली की जीभ जड होते, असं ते म्हणत. मत मात्र एकाच प्रकारचं असे: "बेडा." म्हणजे नको. गाडी चांगली असली तर ते काहीच बोलत नसत आणि लोकांनी तेच होकार समजायचं असे. एकदा एका बँकेतल्या साहेबांना एवढ्यावर भरवसा वाटेना. "मग घेऊ ना?" त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "मी बेडा म्हणालो का?" "नाही." "मग?" साहेबांनी गाडी घेतली, पण घ्या असं मामा काही म्हणाले नाहीत. मामी सांगत, "लग्नात लाडू भरवायचा होता, तर तो पण माझ्यासमोर नुसता धरला. घे म्हटलं नाही."

मला गाडी हवी होती ती एका वासरामुळे. माझ्याकडची गावं बेट्टदपुरच्या डोंगराच्या अवतीभवती, तंबाखूच्या शेतांमधली. पावसाळ्यात तिथल्या कच्च्या रस्त्यांवरची लाल माती साबणासारखी होते. एका आषाढात एक गाय अडल्याचा फोन आला आणि माझी छोटी गाडी वस्तीच्या अलीकडे चिखलात बसली. उरलेली वाट मी पिशवी डोक्यावर घेऊन चालत गेले. गाय वाचली. वासरू मी पोचण्याच्या अर्धा तास आधी गेलं होतं. घरधनिणीने मला पाय धुवायला गरम पाणी दिलं. घरी आल्यावर मी मामांना सांगितलं, मला चारही चाकं ओढणारी जीप घ्यायची आहे आणि नवी परवडणार नाही.

दोन महिन्यांनी एक मिळाली. बेट्टदपुरजवळच्याच सुब्बण्णा नावाच्या तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याची. रेडिएटरमधलं पाणी संपल्याचं लक्षात न आल्याने तिचं इंजिन तापून जाम झालं होतं आणि नंतर सगळं खोलून पुन्हा बांधलं होतं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं. "नव्यासारखं झालंय," सुब्बण्णा फोनवर म्हणाले. मामा म्हणाले, "नव्यासारखं म्हणजे नवं नाही. सकाळी सातला जायचं. गाडीला कुणी हात लावायचा नाही म्हणून सांगा."

सातला बॉनेट थंडगार होतं. मामांनी इंजिन सुरू करायला लावलं आणि ते मागे जाऊन धुराजवळ उकिडवे बसले. मग ऑइलचं झाकण काढून तिथे तळहात धरला. मग मला शेताच्या बांधावरून, ओल्या मातीतून, चारही चाकं जोडून, न जोडता, पुढे, मागे चालवायला लावलं. तासभर हे झाल्यावर त्यांनी सुब्बण्णांना विचारलं, "एवढं काम करून घेतलं, मग विकता कशाला?" जुन्या गाडीच्या बाबतीत हाच प्रश्न खरा, बाकी सगळे उपप्रश्न, असं त्यांचं मत होतं. सुब्बण्णांनी धोतर वर करून सुजलेला गुडघा दाखवला. इंजिन झालं आणि महिन्याभरात डॉक्टरांनी क्लच दाबायला बंदी केली होती. मामांनी मला गुडघा बघायला सांगितला. मी गाईगुरांची डॉक्टर आहे म्हटलं, तर म्हणाले, "गुडघा तो गुडघा." मी पाहिला. गुडघा खरोखर वाईट होता.

"इंजिन कुणी बांधलं?" मामांनी शेवटी विचारलं.

"बिळिकेरेच्या ईश्वरप्पाने."

मामा काही बोलले नाहीत. मी ते नेहमीचं न बोलणं समजले आणि परतीच्या वाटेवर खुशीत होते. हिनकलला उतरल्यावर मी म्हटलं, "मग उद्या पैसे देऊन टाकते." मामा म्हणाले, "थांबा," आणि आत निघून गेले.

पुढचे चार दिवस ते व्हरांड्यात बसत आणि जीपचा विषय निघाला की उठत. शेवटी मामींनीच मला सांगितलं. ईश्वरप्पा हा मामांचा गॅरेजमधला भागीदार. दोघांनी बरीच वर्षं एकत्र काम केलं होतं. एकदा त्याने बांधलेलं एका टॅक्सीचं इंजिन आठ दिवसांत जाम झालं. मामांनी गिऱ्हाइकासमोरच म्हटलं, की याने जुनी बेअरिंगं बसवली असणार. ईश्वरप्पाने हात पुसले, आपले पाने गोळा केले आणि तो निघून गेला. गॅरेज त्यानंतर फार दिवस चाललं नाही. दोन वर्षांनी तोच टॅक्सीवाला मामांना बाजारात भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, की तेव्हा खाली दगड लागून ऑइल गळून गेलं होतं आणि धोक्याचा दिवा लागला तरी आपण गाडी तशीच रेटली होती.

"मग मामा गेले नाहीत त्यांच्याकडे?"

"उद्या जातो म्हणायचे," मामी म्हणाल्या. "वीस वर्षं झाली."

पाचव्या दिवशी सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दाराशी आले. "धुरावरून सिलिंडरचं बोअर कळतं," ते म्हणाले, "बेअरिंग कळत नाही. ते आत असतं. बसवणाऱ्यालाच माहीत. विचारून यायला पाहिजे."

सुब्बण्णांना मागे बसवून आणि मामांना शेजारी घेऊन मी ती जीप बिळिकेरेला आणली. ईश्वरप्पांची पत्र्याची शेड रस्त्यालाच होती. उंच, किडकिडीत माणूस, चष्म्याला दोरी बांधलेली. त्यांनी जीप पाहिली, सुब्बण्णांना पाहिलं, मग मामांना. दोघं कानडीत बोलले. माझं कानडी गुरांपुरतंच आहे, पण ते बोलणं इतकं थोडं होतं की सगळं कळलं.

मामा म्हणाले, "ही ह्या बाई घेणार आहेत. बेअरिंग नवी आहेत ना, तेवढं विचारायला आलो."

ईश्वरप्पा म्हणाले, "विचारू नकोस. खोल."

"खोलायची गरज नाही. तू सांग, बस."

"तेव्हा न खोलता बोललास. आता खोलून बोल."

त्यांनी पान्यांचा डबा मामांच्या पायाशी ठेवला आणि स्वतः दुसऱ्या गाडीकडे गेले. मामांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होतं. त्यांनी शर्ट काढून खिळ्याला अडकवला, पोतं अंथरलं आणि ते जीपखाली शिरले. ऑइल काढलं, खालचं भांडं उतरवलं. मी टॉर्च धरून बसले होते. त्यांनी एक बेअरिंग सोडवलं, फडक्याने पुसलं, उजेडात धरलं, त्यावरून अंगठा फिरवला. मग दुसरं. दोन्ही पुन्हा बसवून ते बराच वेळ तसेच उताणे पडून राहिले. मला वाटलं कंबर धरली असेल. मी विचारलं तर म्हणाले, "नाही. पडलोय."

बाहेर आल्यावर ते ईश्वरप्पांसमोर जाऊन उभे राहिले. हात काळे, बनियनवर ऑइल.

"काम चांगलं आहे."

"तेव्हाही चांगलंच होतं," ईश्वरप्पा म्हणाले.

"हो. मला नंतर कळलं."

"कधी?"

"दोन वर्षांनी."

ईश्वरप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. "मग आला नाहीस?"

"नाही आलो."

शेजारच्या रस्त्यावरून हुणसूरची बस गेली. ती जाईपर्यंत दोघंही थांबले. मग ईश्वरप्पा म्हणाले, "कॉफी घेशील?"

मामांनी माझ्याकडे वळून पाहिलं. कॉफीच्या आधी मत द्यायचं होतं. "घ्या," ते मला म्हणाले, "ही गाडी घ्या." सुब्बण्णांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मामींना सांगितलं तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं, नक्की हाच शब्द का म्हणून.

नव्याने बांधलेल्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर जपून चालवायचं असतं. हे काम मामांनी स्वतःकडे घेतलं, म्हणजे मी चालवायची आणि त्यांनी शेजारी बसून काट्याकडे बघायचं. काटा पन्नाशीला टेकला की ते खोकत. एका रविवारी आम्ही सोसले गावच्या मठापर्यंत गेलो, मागे मामी आणि डब्यात चित्रान्न, म्हणजे तिकडचा लिंबू घातलेला भात. वाटेत आम्हाला उसाने भरलेल्या ट्रॅक्टरने मागे टाकलं. मी मामांकडे पाहिलं. "त्याचं जुनं इंजिन आहे," ते म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात त्याच वस्तीवरून पुन्हा एका अडलेल्या गाईचा फोन आला. या वेळी मी दारापर्यंत जीप नेली. वासरू उलटं होतं, तासभर लागला, पण जिवंत निघालं आणि थोड्या वेळाने आपल्या पायांवर उभं राहिलं. हे मी मामांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "चढावर कुठला गिअर होता?" मी दुसरा म्हटलं. "पहिला पाहिजे होता," ते म्हणाले. मग आत जाऊन मामींना तीच हकिकत त्यांनी सगळी सांगितली, वासराच्या रंगासकट. मला जिन्यावर ऐकू येत होतं.

त्या काळात त्यांचा गुरुवार ठरून गेला होता. मी गावांकडे निघाले की ते बिळिकेरेपर्यंत यायचे, ईश्वरप्पांच्या शेडशी उतरायचे, त्यांच्यासाठी बाहेर मांडलेल्या खुर्चीत बसायचे आणि संध्याकाळी मी परतताना पुन्हा जीपमध्ये बसायचे. एकदा मी विचारलं, दिवसभर दोघं काय बोलता?

"काही नाही. तो काम करतो, मी बघतो. चुकलं तर सांगतो."

"चुकतं का?"

"नाही," मामा म्हणाले.

गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला मामा दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. आदल्या दिवशी त्यांनी शेजारच्यांना एका गाडीबद्दल बेडा म्हणून सांगितलं होतं. शेजाऱ्यांनी ती गाडी घेतली नाही.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. अकराच्या सुमाराला ईश्वरप्पा बसने आले, हातात कापडी पिशवी. मामींना नमस्कार केला, फोटोसमोर थोडा वेळ उभे राहिले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मेडम, किती किलोमीटर झाले?"  मी बाहेर जाऊन मीटर बघून आले आणि सांगितलं. "ऑइल बदलायला झालं," ते म्हणाले. "ते लक्ष ठेवायचं काम त्याचं होतं."

पिशवीतून त्यांनी पाने काढले, पोतं काढलं आणि घरामागच्या मोकळ्या जागेत ते जीपखाली गेले. वर गच्चीवर पंगती उठत होत्या. कुणी जेवायला बोलवायला आलं की ते खालूनच हात हलवायचे. शेवटी मामींनी त्यांचं पान स्वतः खाली आणलं आणि पायरीवर ठेवलं. ते बाहेर आले, हात धुतले, पण पानाकडे वळले नाहीत. त्या पायरीवर बसून त्यांनी चष्मा काढला आणि बाहीने डोळे पुसले, कारण हाताला अजून ऑइलचा वास होता. मामी तिथेच उभ्या राहिल्या. मग त्यांनी वाटीतला लाडू उचलून त्यांच्यापुढे केला. ईश्वरप्पांनी तो घेतला.

जाताना मी बसथांब्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. बस आली तेव्हा एक पाय पायरीवर ठेवून ते म्हणाले, "मेडम, गुरुवारी तुम्ही जाताना थांबत जा. काम नसलं तरी थांबा. मी त्याची खुर्ची आत घेतलेली नाही."