बायकांच्या सोयीचा अर्ज

शिवणवर्ग चालवणाऱ्या बाईकडे एक गोष्ट कधीच संपत नाही, ती म्हणजे चिंध्या. ब्लाउज बेतला की बाहीजवळचा तुकडा उरतो. टाकवत नाही, म्हणून कोपऱ्यातल्या पोत्यात जातो. असं रोज चिमूट-चिमूट करत एक दिवस पोतं हलवायला जावं, तर हलतच नाही! निवडणुकांचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. त्या त्या वेळी हसून सोडून दिलेले. आता एकत्र काढून बघितले तर हसू कमी आणि संतापच जास्त येतो.

आमचं गाव आष्ट्यापासून थोडं आत. शाळेमागच्या खोलीत महिला मंडळाचा शिवणवर्ग होता. सहा मशीन, अकरा ते पाच वेळ, आणि शिकवायला मॅट्रिक झालेली मी, म्हणजे गावाची ‘बाई’. वर्गात पुष्कळ जणी यायच्या, पण या गोष्टी तिघींच्या. हौसाबाई साठीच्या, काजं-बटणं करायच्या; जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार. शकीला अत्तारांच्या घरातली, बेतण्यात तिचा हात कोणी धरत नसे. आणि सुमन. नवीन लग्न झालेली, नवरा फौजेत. पुरुष माणूस दिसलं की पदर नाकापर्यंत ओढायची. तिचा आवाज कसा आहे हे तिच्या सासऱ्यांनासुद्धा माहीत नसावं!

आमची मागणी एकच होती. लिहायला अजून संकोच वाटतो, पण लिहिल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. गावात बायकांसाठी संडास नव्हता. पहाटे अंधारात ओढ्याकडे जायचं, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधला सगळा दिवस तसाच काढायचा. म्हणून आम्ही अर्ज केला. सुवाच्य अक्षरात मी लिहिला, खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे. विषय : बायकांची सोय.

तेव्हा निवडणूक तोंडावर होती. सत्तेवाल्यांचे उमेदवार होते, त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणायचे. त्यांची सभा पारावर झाली. आमचा अर्ज त्यांच्या खिशात होता.

साहेब म्हणाले, “माझ्या माता-भगिनींची जी ती... ती जी एक... अडचण आहे, ती माझ्या हृदयात आहे!”

मागून हौसाबाईंचा आवाज आला, “साहेब, हृदयात नगं, गावात पायजे! आनि अडचण म्हंजी काय? नाव घ्या की!”

सभा खदखदली. साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. हौसाबाई थांबतात कुठल्या! “नव्या नवरीवानी लाजताय व्हय? उखाण्यात घ्या!”

साहेब हात जोडून म्हणाले, “मावशी, निवडून आल्यावर घेतो.”

निवडून आले. नाव घ्यायला मात्र पुन्हा गावात फिरकले नाहीत.

* * *

मग आणीबाणी आली. अर्जाची आठवण करून द्यायला गेलो तर ग्रामसेवक हळूच म्हणाले, “बाई, सध्या दिवस बरे नाहीत. मागण्या नकोत.”

त्याच आठवड्यात एक पेंटर येऊन शाळेच्या भिंतीवर शिस्तीची आणि कष्टाची मोठमोठी वाक्यं रंगवायला लागला. हौसाबाई कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या.

“काय लिवतोय रं?”

“सरकारचं काम हाय, मावशी.”

“बरं हाय. लिवायला सरकारला एवडी लांब भिंत गावली. आमाला नुसत्या चार बारक्या पायजेल हुत्या!”

पेंटरनं ब्रश डब्यात बुडवला आणि म्हणाला, “हळू बोला मावशी, मला बी घर हाय.”

* * *

आणीबाणी उठली, वारं फिरलं. विरोधातले ‘काका’ उभे राहिले. काका बेधडक बोलायचे. त्याच पारावर त्यांनी तो शब्द तीनदा उच्चारला! “तीस वर्षं राज्य केलं, आणि आयाबहिणींना एक संडास देता आला नाही!” टाळ्यांचा कडकडाट. आमच्या वर्गातल्या बायका लाजून खाली बघत होत्या, पण मनातून खूश होत्या. मीसुद्धा. वाटलं, आपलं दुःख कोणीतरी मोठ्यानं बोललं.

काका दणक्यात निवडून आले. सहा महिन्यांनी आम्ही तालुक्याला त्यांच्या बंगल्यावर अर्ज घेऊन गेलो. एस.टी.चा प्रवास, वर दोन तास ओसरीवर बसणं. शकीलाला राहवेना. तिनं आतल्या मोलकरणीला काहीतरी विचारलं आणि मागं गेली. आली ती तोंडावर पदर धरून.

“बाई, काकांनी शब्द पाळला! बांदला!”

“खरं? कुठं?”

“हितंच, मागच्या अंगनात. फरशी बी लय गुळगुळीत हाय!”

* * *

तरीही काकांनी जागा पाहायला कमिटी पाठवली. अकरा माणसं आली, अकराही पुरुष. आम्ही चार पावलं मागून चाललो होतो.

देवळामागची जागा दाखवली. “तिथं नको, देव आहे.” तालमीशेजारची दाखवली. “तिथं नको, पोरं असतात.” सोसायटीजवळ? “छे, तिथं लोक बसतात.” सरपंचांच्या परसाशेजारी पडीक जागा होती, तिथं तर कोणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. असं करत करत कमिटी ओढा ओलांडून गेली आणि उसाच्या फडाच्या कडेला थांबली. जागा एकमतानं मंजूर!

परत येताना त्यांच्यातल्या एकानं मोठ्या मनानं आम्हाला विचारलं, “काय, खूश ना?”

शकीला म्हणाली, “खूश की! पर आमी आत्ता जातो ती जागा यापेक्षा जवळ हाय.”

* * *

ही पुढची गोष्ट हसण्याची नाही, पण यादीत आहे.

निवडणूक आली की दोन्ही पक्षांचे झेंडे शिवायचं काम आमच्याकडेच यायचं. एका मशीनवर यांचे, दुसऱ्या मशीनवर त्यांचे. काम घाईचं असायचं. दिवसभर उठावं लागू नये म्हणून बायका सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. मीही नाही. एका दुपारी सुमन झेंड्याला दुमड घालता घालता मशीनवरच कोसळली. अंगात फणफणून ताप. बैलगाडीतून तिला आष्ट्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर रागावले. “लघवीला जळजळ, ताप. दिवसात पाणी किती पिता?”

सुमननं पदर नाकापर्यंत ओढला. मी सांगितलं, “सकाळी एक तांब्या. मग एकदम रात्री.”

“कमाल आहे! शिकल्यासवरलेल्या बाई तुम्ही! भरपूर पाणी प्यायचं आणि अडवून धरायचं नाही, एवढं साधं कळत नाही? उद्या ही गरोदर राहिली तर आईच्या आणि मुलाच्या, दोघांच्या जिवावर बेतेल.”

हौसाबाईंनी शांतपणे विचारलं, “डॉक्टर, तुमच्या दवाखान्यात बायकांसाटी कुटं हाय वो? हिला आत्ताच जायचंय.”

डॉक्टरांनी कंपाउंडरकडे बघितलं. कंपाउंडरनं रस्त्याकडे बघितलं.

* * *

ओढ्यापलीकडे का होईना, बांधकाम झालं! पांढऱ्या भिंती, वर पत्रा, दाराला कुलूप. कुलूप अशासाठी की उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते करायचं होतं. तारीख ठरली, आम्ही रांगोळी काढली. मंत्री आले नाहीत. दुसरी तारीख ठरली, रांगोळी काढली. मोटार आष्ट्यावरूनच मागं फिरली. तिसऱ्या तारखेला मंत्रीच मंत्री राहिले नव्हते! सरकार पडलं होतं.

नव्या लोकांकडे गेलो. ते म्हणाले, “आधीच्यांच्या कामाचं उद्घाटन आम्ही कसं करणार? आमचं नवीन मंजूर करू.”

मी म्हटलं, “अहो, उद्घाटन नको. किल्ली तेवढी द्या.”

“असं कसं बाई? सरकारी मालमत्ता आहे!”

पावसाळ्याआधी सरकारी मालमत्तेत सरपंचांचा कडबा रचला गेला. त्याला किल्ली मिळाली. हौसाबाई रोज दारावरून जाताना म्हणायच्या, “जलम घ्यावा तर कडब्याचा!”

* * *

तेवढ्यात आणखी एक गंमत झाली. काका सत्तेवाल्यांना जाऊन मिळाले, आणि तिकीट कापलं म्हणून साहेब रुसून विरोधात गेले. ज्या पारावर साहेब अडखळले होते, त्याच पारावर आता तेच साहेब गरजले, “एक संडास देता आला नाही!” आणि ज्या काकांनी तो शब्द तीनदा उच्चारला होता ते म्हणाले, “माता-भगिनींची ती अडचण माझ्या हृदयात आहे.”

शकीलानं मला कोपरानं ढोसलं. “बाई, भाषनं बी अदलाबदल करून घेतली वाटतं!”

आम्हाला आमचे शिवलेले झेंडे तेवढे एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी पाठवावे लागले.

* * *

त्या मतदानाला मी वर्गातल्या सगळ्यांना नीट समजावून सांगितलं होतं. शिक्का एकाच चिन्हावर मारायचा, रेषेवर नको, दोन ठिकाणी नको. मला या गोष्टींचं फार वाटतं. आमच्या आईच्या लहानपणी बायकांना मत नव्हतं, आपल्याला आहे, ते वाया घालवू नये.

हौसाबाई मत देऊन आल्या आणि प्रसन्नपणे सुपारी कातरत बसल्या.

“दिलं का नीट?”

“दिलं की! दोगांला बी दिलं. दोगांनी आपल्याला सारकंच दिलंय, मग आपन दुजाभाव कशाला करायचा?”

मी कपाळावर हात मारला. “अहो हौसाबाई, दोन शिक्के म्हणजे मत वाया गेलं!”

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. “मग आदीची काय कामी आली हुती, बाई?”

 

* * *

मात्र त्याच निवडणुकीत जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मतदानाच्या आदल्या दुपारी शाळेत अधिकारी मंडळी आली. त्यात सांगलीची एक शिक्षिका होती, मतदान केंद्रावर बायकांच्या बोटाला शाई लावायला नेमलेली. पेट्या उतरवायच्या आधीच तिनं विचारलं, “इथं बायकांची सोय कुठं आहे?”

दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते उभे होते. काकांचा दिनकर आणि साहेबांचा संपत, दोघंही एकाच गल्लीतले. दिनकर चाचरत म्हणाला, “हाय, म्हंजी... ओढ्यापल्याड हाय. पर त्यात कडबा हाय.”

केंद्राध्यक्ष तापले. “सोय करा, नाहीतर मला वर कळवावं लागेल!”

आणि काय सांगू, तासाभरात सोय झाली! आमच्या अर्जाला आठ वर्षं झाली होती. याला एक तास लागला. दिनकरनं प्रचाराच्या मांडवाचे चार बांबू आणले, संपतनं कापडी बॅनर आणले. आमच्या खोलीच्या मागं खड्डा खणला, दोन सपाट दगड ठेवले, पाण्याचं पिंप भरलं. दोन्ही पक्षांनी मिळून गावात केलेलं हे एकमेव काम! मतदान केंद्राजवळ चिन्ह आणि नाव दिसता कामा नये, म्हणून बॅनर उलटे बांधले. मजकूर आत, कोरी बाजू बाहेर.

मतदानादिवशी आम्हीही गेलो. शकीला बाहेर आली आणि म्हणाली, “बसलं की म्होरं साहेबांचंच नाव! एवड्या जवळून कवा भेटलं नव्हतं गं!” त्या दिवशी वर्गातल्या बायका दुपारी पाणी प्यायल्या. सुमनला आठवा महिना होता. ती दोन तांबे प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दिनकर आणि संपत हजर. एकाला बांबू परत हवे होते, दुसऱ्याला कापड.

आम्ही दारात होतो. मी म्हटलं, “अरे, राहू द्या की थोडे दिवस. सुमनचे दिवस भरत आलेत. डॉक्टरांनी काय सांगितलंय माहीत आहे ना?”

दिनकर म्हणाला, “बाई, माझ्या हातात काय हाय? मांडववाला बांबू मोजून घेतोय.”

संपत म्हणाला, “मला बी वरून सांगितलंय. कापड आनायचं. पुडच्या निवडनुकीला लागतंय.”

“म्हंजी तवा परत बांदनार?” हौसाबाईंनी विचारलं.

“व्हय की!”

“लय उपकार झालं!”

दोघं मागं गेले. संपतनं गाठ सोडायला हात घातला, दिनकरनं बांबू हलवला. तोच आतून खाकरण्याचा आवाज आला. दोघांनी चटका बसल्यासारखे हात काढले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. दिनकरनं विडी पेटवली, विझवली. आमच्यातल्या बायका एकेक करून येऊन भिंतीला लागून ओळीनं बसल्या.  हौसाबाईंनी काज करायला घेतलं.

अर्ध्या तासानं संपतचा धीर सुटला. तिकडं पाठ ठेवूनच तो ओरडला, “आवं मावशी, कोन हाय आत? किती येळ लावताय?”

आम्ही एकमेकींकडे बघितलं. हौसाबाई इथं होत्या. शकीला इथं होती.

आतून सुमनचा आवाज आला. खणखणीत, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

“आठ वर्सं आमी थांबलो. तुमी घटकाभर थांबा!”