बाजार ते बाजार

यवतमाळहून वणीकडे निघालेल्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली, पण खिडकी काही केल्या बंद होईना. मारेगावला उतरेपर्यंत केसांत, कानांत आणि डब्यातल्या पोळीतही धूळ होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फुटलेला कापूस आणि तो वेचणाऱ्या बायका. पाहण्यासारखं होतं, पण मी पेंगत होते. या वयात एसटीचा प्रवास हौसेनं करायचा नसतो, हे मला दरवेळी उतरल्यावरच आठवतं.

बोलावलं होतं माझ्या मैत्रिणीनं, सुषमानं. ती तिथून पुढे एका खेड्यातल्या शाळेत शिकवते. अशक्त मुलींना रोज एक उकडलेलं अंडं द्यायचं तिनं सुरू केलं होतं. शहरातले एक ओळखीचे गृहस्थ अंडी पुरवत, पण मोजकीच. म्हणून काट्यावर ज्यांचं वजन कमी भरेल त्यांनाच. दुसऱ्या दिवशी मुलींना काट्यावर चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सगळ्या काटकुळ्या. नववीतली पायल तेवढी अंगानं भरलेली. ती चढली आणि रांगेत हशा पिकला.

"हिले कायले अंडं? खात्यापित्या घरची हाये!" मागची पोरगी म्हणाली.

सुषमाही हसली. "पायल, तू जरा कमीच खा बाई."

पायल काट्यावरून उतरली, भिंतीपर्यंत गेली आणि तिथंच चक्कर येऊन कोसळली.

तोंडावर पाणी मारल्यावर ती सावरली. तिला घरी पोचवायला मी निघाले. ऊन रणरणत होतं, साडीला कुसळं चिकटत होती आणि मी मनातल्या मनात सुषमाला बोल लावत होते. घराला कडी होती. आई कापूस वेचायला गेलेली.

"सकाळी काय खाल्लंस?" मी विचारलं.

"चाय. अन् पोंगे." (पोंगे म्हणजे पाकिटात मिळणाऱ्या तळलेल्या नळ्या.)

"आणि रात्री?"

"भात. तेल-तिखट टाकून."

"वरण नाही?"

"ते बाजाराच्या दिवशी."

मग तिनं सगळं सांगितलं. वेचणीचा चुकारा (मजुरी) आठवडी बाजाराच्या दिवशी मिळतो. त्या संध्याकाळी घरात डाळ, भाजी, भजी, जिलेबी सगळं येतं.

"त्या दिवशी पोट फुटेस्तोवर खा लागते, मॅडम. मंग भेटत नाही न."

डाळ लवकरच संपते. पुढचा बाजार येईपर्यंत भात, चहा आणि पाकिटं. पोट भरतं, अंग सुटतं आणि प्रार्थनेला उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मी आहारावर चार शब्द सांगणार होते, तेवढ्यात तिनंच विचारलं,

"मॅडम, बारीक व्हाले काय खा लागते?"

"डाळ, पालेभाजी, अंडं..." मी म्हणाले. ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी सुषमाला हे सांगितलं. ती कपाळ चोळत म्हणाली, "पटतं गं मला. पण कुणाच्या हातातलं काढून हिला देऊ? त्या गृहस्थांना फोटो पाठवावा लागतो. त्यात ही दिसली आणि अंडीच बंद झाली तर?"  मग आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली.

सकाळी मी निघाले, तेव्हा शाळेच्या फाटकाशी पायल उभी होती. ओठ सुकलेले.

"मॅडम, कालपासून काहीच नाही खाल्लं," ती सुषमाला म्हणाली. "आता मोजून पाहा न."

सुषमानं काटा काढलाच नाही. पातेल्यातलं एक अंडं सोललं आणि तिच्या हातावर ठेवलं. पायलनं ते उभ्या उभ्याच संपवलं.

"उद्या?" तिनं विचारलं.

"ये. पण उपाशी येऊ नकोस." मग सुषमा मला हळूच म्हणाली, "फोटोतही घेईन हिला. होईल ते होईल."

परतीच्या एसटीतली खिडकी उघडत नव्हती. घरी पोचले तेव्हा अंग मोडून आलं होतं. इतक्या वर्षांत उपासमार मी हाडांवरूनच ओळखायला शिकले होते. ती भरल्या अंगाचीही असते, हे सांगायचं तरी कुणाला, असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी फोनवर सुषमाचा फोटो आला. ओळीनं उभ्या मुली, प्रत्येकीच्या हातात अंडं. घरी माझ्या वहिनीनं तो चष्मा लावून पाहिला आणि पायलवर बोट ठेवलं.

"ही तेवढी खात्यापित्या घरची दिसते गं."

मी चहाचा कप बाजूला ठेवला, तिला जवळ बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.